वादळानंतर बँकरप्सीचा अर्ज: अमेरिकेतली पात्रता, कागदपत्रं आणि तारखांचं गणित

घरात चार फूट पाणी शिरलं तरी मॉर्गेजचा हप्ता ठरल्या तारखेला येतोच. गाडी वाहून गेली तरी तिचं कर्ज मागे राहतं. अमेरिकेत हरिकेन, पूर किंवा वणव्यात सापडलेल्या कुटुंबांचे पहिले दोन-तीन महिने फेमाचे, म्हणजे सरकारच्या आपत्ती मदत संस्थेचे, फॉर्म, इन्शुरन्सचे फोन आणि मोटेलची बिलं यांतच जातात. तोवर क्रेडिट कार्डांची मर्यादा संपलेली असते. मग कोणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरी, फाइल करावी का?" आवाज खाली आणायची काहीच गरज नाही. हा कायद्याने खुला ठेवलेला रस्ता आहे आणि त्यावरून जाणारी बहुतेक माणसं प्रामाणिक असतात.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. हा कायदा मागे बघतो. मागच्या सहा महिन्यांचं उत्पन्न, मागच्या १८० दिवसांतला पत्ता, मागच्या दोन वर्षांतलं राज्य, मागचा टॅक्स रिटर्न. तुमचं आयुष्य एका दिवसात बदललेलं असतं आणि अर्जात तुम्ही दिसता ते त्या दिवसाच्या आधीचे. म्हणून अर्ज कधी करायचा आणि त्यात काय लिहायचं, यावर फार काही ठरतं.

ही अडचण २००५ मध्ये सगळ्यांसमोर आली. बँकरप्सीचे नियम कडक करणाऱ्या कायद्यावर २० एप्रिलला सही झाली, २९ ऑगस्टला कतरिना लुइझियानावर आदळलं आणि १७ ऑक्टोबरला तो कायदा लागू झाला. वादळग्रस्तांना त्यातून वगळावं, असे प्रस्ताव काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, आले, पण मंजूर झाले नाहीत. त्यानंतर यूएस ट्रस्टी प्रोग्रॅमने, म्हणजे या प्रकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या न्याय खात्याच्या विभागाने, आपल्या अधिकारात काही ढील दिली. आजही वादळग्रस्तांना जी सवलत मिळते, ती बहुतेक अशाच वाटांनी मिळते आणि मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

चॅप्टर ७ की चॅप्टर १३

बँकरप्सीच्या कायद्यातले हे दोन वेगळे मार्ग. चॅप्टर ७ मध्ये क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलची बिलं, वैयक्तिक कर्ज अशी बरीचशी देणी काही महिन्यांत माफ होतात. त्या बदल्यात कायद्याने वाचवता न येणारी मालमत्ता ट्रस्टी, म्हणजे तुमच्या प्रकरणासाठी नेमलेला माणूस, विकू शकतो. चॅप्टर १३ मध्ये नियमित उत्पन्न लागतं आणि तीन ते पाच वर्षांचा परतफेडीचा प्लॅन असतो. थकलेले हप्ते हळूहळू भरून घर वाचवायचं असेल, तर हाच मार्ग. दोन्हींत अर्ज दाखल होताच वसुलीचे फोन, पगारातली कपात, फोरक्लोजर (थकलेल्या कर्जापायी घराची जप्ती) हे सगळं साधारणपणे थांबतं. पोटगी, अलीकडचे कर आणि बहुतेक वेळा विद्यार्थी कर्ज मात्र सुटत नाही.

राहण्याजोगं न उरलेलं घर चॅप्टर ७ मध्ये सोडून देता येतं आणि मॉर्गेजची वैयक्तिक जबाबदारी संपते. पण बँक फोरक्लोजर पूर्ण करेपर्यंत घर तुमच्याच नावावर असतं, आणि अर्जानंतरची एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची, वर्गणी तुम्हालाच भरावी लागते. हे लोकांना फार उशिरा कळतं.

मीन्स टेस्ट आणि सहा महिने

चॅप्टर ७ साठी, देणी मुख्यतः घरगुती असतील तर, मीन्स टेस्ट असते. अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढून ती तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच मोठ्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघतात. समजा, वादळ ऑगस्टच्या शेवटी आलं आणि त्यात नोकरी गेली. सप्टेंबरमध्ये अर्ज केलात तर मार्च ते ऑगस्ट मोजतात, म्हणजे सहाही महिने पूर्ण पगाराचे. कागदावर तुम्ही सुखवस्तू. तोच अर्ज मार्चमध्ये केलात तर सप्टेंबर ते फेब्रुवारी मोजतात आणि खरी परिस्थिती दिसते. फोरक्लोजरची तारीख डोक्यावर नसेल, तर थांबण्यात शहाणपण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबणं शक्य नसेल तर कायद्यात "विशेष परिस्थिती"ची तरतूद आहे. गंभीर आजार आणि लष्करी सेवेचं बोलावणं ही त्यातली उदाहरणं आहेत, यादी तिथेच संपत नाही. गेलेलं उत्पन्न आणि वाढलेला खर्च एकेक करून लिहायचा, प्रत्येकाला पुरावा जोडायचा आणि शपथेवर सांगायचं. "वादळामुळे नुकसान झालं" एवढं मोघम वाक्य चालत नाही. दुकान बंद झाल्याचं मालकाचं पत्र, तात्पुरत्या घराचा भाडेकरार, रोजच्या लांबलेल्या प्रवासाचा हिशेब, असं ठोस लागतं.

समुपदेशनाची अट

अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट समुपदेशन घ्यावं लागतं. फोनवर किंवा ऑनलाइन होतं. प्रयत्न करूनही सात दिवसांत वेळ मिळाली नाही आणि अर्ज तातडीने करायचा असेल, तर कोर्टाकडे मुदत मागता येते: अर्जानंतर ३० दिवस, आणि कारण पटलं तर आणखी १५. आपत्तीत त्या भागातल्या संस्था पुऱ्या पडत नसतील तर यूएस ट्रस्टी ही अट तिथे तात्पुरती बाजूला ठेवू शकतो. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायनात यूएस ट्रस्टी नाही, तिथे बँकरप्सी अॅडमिनिस्ट्रेटरकडे चौकशी करा. अर्जानंतर पैशांच्या नियोजनाचा दुसरा कोर्स असतो. तो राहिला तर कर्जमाफीचा आदेशच निघत नाही.

कागद भिजले असतील तर

लागतात ते असे: शेवटच्या ६० दिवसांचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), सर्वात अलीकडचा टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, सगळ्या देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचे पैसे तुम्ही देणं लागता त्यांची, यादी, मालमत्तेची यादी, फोटो असलेलं ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा. टॅक्स रिटर्न ट्रस्टीला अर्जानंतर होणाऱ्या देणेकऱ्यांच्या बैठकीच्या किमान सात दिवस आधी मिळायला हवा.

फाइलीतले कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला असेल, तर आयआरएसपासून, म्हणजे आयकर खात्यापासून, सुरुवात करा. जुन्या रिटर्नची प्रत मागायचा फॉर्म ४५०६ आणि ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे रिटर्नमधल्या नोंदींच्या उताऱ्यासाठी, ४५०६-टी आहे. फॉर्मच्या माथ्यावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत आपत्तीचं नाव लिहा. तसं केलं की अर्ज लवकर हाताळतात आणि प्रतीची फी माफ होते. ऑफिसच्या पेरोल विभागाकडून पे-स्टब आणि बँकेकडून स्टेटमेंट परत मिळतात. देणेकऱ्यांची नावं आठवत नसतील तर क्रेडिट रिपोर्ट काढा.

उत्पन्न, खर्च, मालमत्तेची परिशिष्टं ४५ दिवसांत पूर्ण झाली नाहीत, तर प्रकरण आपोआप रद्द होऊ शकतं. मुदतवाढ मागायची ती त्या ४५ दिवसांच्या आतच. टॅक्स रिटर्न देता न येण्याचं कारण तुमच्या हाताबाहेरचं होतं, हे दाखवता आलं तर कायदा तेही मान्य करतो. म्हणून कागद गेल्याचे फोटो आज काढून ठेवा.

दुसऱ्या राज्यात गेला असाल तर

मागच्या १८० दिवसांचा जास्त भाग जिथे राहिलात, त्या जिल्ह्यात अर्ज होतो. घर, गाडी, सामान यांतलं किती वाचवता येईल हे मात्र दोन वर्षांच्या, म्हणजे ७३० दिवसांच्या वास्तव्यावर ठरतं. टेक्सासमध्ये राहत्या घराच्या किमतीला मर्यादा नाही, क्षेत्रफळाला आहे. पण वादळानंतर टेक्सासमध्ये कायमचे स्थायिक झालात, तरी दोन वर्षं होईपर्यंत तिथली सवलत मिळत नाही. बहुधा जुन्या राज्याचेच नियम लागतात.

व्हिसावर असलेल्यांसाठी आणि भारतातल्या मालमत्तेबद्दल

बँकरप्सीसाठी नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत वास्तव्य, व्यवसाय किंवा मालमत्ता असली की अर्ज करता येतो. फेमाची रोख मदत मात्र एच-१बी धारकाला स्वतःच्या नावाने मिळत नाही. घरात अमेरिकन नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या वतीने अर्ज करता येतो.

आणि आपल्याकडचा फ्लॅट, गावच्या जमिनीतला हिस्सा, बँकेतल्या ठेवी यांची नोंद अर्जात करावीच लागते. मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती धरतात. अर्जाच्या तोंडावर भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलंत, तर ट्रस्टी मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार तपासू शकतो. मालमत्ता लपवायच्या हेतूने वर्षभरात केलेलं हस्तांतर पूर्ण कर्जमाफी घालवू शकतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण इथे चांगली माणसं अडकतात.

पैशांबद्दल

फेमाच्या अनुदानावर देणेकऱ्यांना जप्ती आणता येत नाही. ते वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे ओळखू येईल. इन्शुरन्सचा न मिटलेला क्लेम ही मालमत्ता आहे, तिची नोंद करा. एसबीएचं, म्हणजे सरकारच्या लघुउद्योग संस्थेचं, आपत्ती कर्ज हे कर्जच आहे, आणि ते दुसऱ्याच कामाला वापरलं तर मूळ रकमेच्या दीडपट भरावं लागू शकतं.

इन्शुरन्सचा चेक आला की पहिलं मनात येतं ते मेव्हण्याचे उसने पैसे फेडायचं. थांबा. नातेवाइकांना अर्जाआधीच्या वर्षभरात फेडलेली रक्कम ट्रस्टी त्यांच्याकडून परत मागू शकतो. तसंच निवृत्तीसाठीचं ४०१(के) खातं मोडून कार्डं भरू नका. त्या खात्यातला पैसा बँकरप्सीत सुरक्षित असतो, बाहेर काढला की तो भरवसा उरत नाही.

कोर्टाची फी सध्या चॅप्टर ७ साठी ३३८ आणि चॅप्टर १३ साठी ३१३ डॉलर आहे. हप्त्यांनी भरता येते. चॅप्टर ७ मध्ये उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. मोठ्या आपत्तीनंतर अनेकदा मोफत कायदेशीर मदतीची फोनसेवा सुरू होते. वकील परवडत नसेल तर पहिला फोन तिथे करा.

आधीच चॅप्टर १३ मध्ये असाल तर

हप्ता चुकायची वाट बघू नका. वकिलाला आणि ट्रस्टीला लगेच कळवा आणि प्लॅन बदलण्याचा अर्ज करा. हप्ता कमी करता येतो, पण एकूण मुदत पाच वर्षांपलीकडे जात नाही. प्लॅन बदलणंही शक्य नसेल, कारण तुमच्या हाताबाहेरचं असेल आणि चॅप्टर ७ मध्ये देणेकऱ्यांना मिळालं असतं तेवढं तरी तुम्ही दिलेलं असेल, तर कोर्टाकडे हार्डशिप डिस्चार्ज, म्हणजे अडचणीपायी प्लॅन पूर्ण न करताच कर्जमाफी, मागता येतो. गाडी प्लॅनमध्ये होती आणि पुरात निकामी झाली, तर इन्शुरन्सचा चेक आला म्हणून लगेच दुसरी घेऊ नका. त्या पैशावर आधी कर्ज देणाऱ्याचा हक्क असतो आणि नवं कर्ज घ्यायलाही परवानगी लागते.