परीक्षा सगळ्यांची, सम्राट सोडून

चीनचे सम्राट आपले अधिकारी परीक्षा घेऊन निवडत. नानजिंग शहरातल्या जुन्या परीक्षा केंद्रात भरभराटीच्या काळात २० हजारांहून जास्त उमेदवार एका वेळी बसत. प्रत्येकाला एक अरुंद खण आणि दोन फळ्या. दिवसा एक बसायला, एक लिहायला. रात्री दोन्ही जोडून त्यावरच अंग मुडपून झोपायचं. उत्तरं काळ्या शाईत लिहायची. मग कारकून ती लाल शाईत उतरवून काढत आणि परीक्षकाच्या हाती ती लाल प्रतच जाई. नाव झाकलेलं, अक्षर दुसऱ्याचं. वशिला लागणार कुठून? स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. नाव झाकून नक्कल करण्याची ही युक्ती सोंग राजवटीतली, हजार वर्षांपूर्वीची आहे आणि मला तिचं फार कौतुक वाटतं.

राज्यकारभार सज्जन, शिकलेल्या माणसांच्या हाती असावा, हा प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसचा आग्रह. ‘राज्य करणं म्हणजे सरळ वागणं,’ असं तो म्हणे. त्यातूनच घडलेली ही परीक्षा जवळपास १३०० वर्षं चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. बायकांना ती कधीच देता आली नाही. आणि सम्राटाला कधीच द्यावी लागली नाही.

खरी गोम इथंच आहे. परीक्षा हुशार माणूस निवडते. चुकलेल्या माणसाला खाली उतरवायची सोय तिच्यात नाही. वरच्या नेत्यांची निवड मतांऐवजी गुणवत्तेवर व्हावी, असं आजही काही अभ्यासक मांडतात. मला ते पटत नाही, कारण १९५९ साली लुशान इथं झालेली चिनी कम्युनिस्ट पक्षाची बैठक आठवते. संरक्षणमंत्री पंग दहुआई यांनी ‘मोठी झेप’ या उत्पादन झपाट्यानं वाढवायच्या मोहिमेतल्या चुका दाखवणारं पत्र सर्वोच्च नेते माओंना लिहिलं आणि त्यांचं पद गेलं. त्या मोहिमेनं ओढवलेला दुष्काळ १९६१ पर्यंत चालला, कोट्यवधी माणसं मेली. शहाणा माणूस सरकारात होताच. त्याचं ऐकायला भाग पाडणारं कुणी नव्हतं.

तैवानमध्ये मात्र परीक्षा आणि मतदान या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांच्या कल्पनेतून आलेलं स्वतंत्र परीक्षा मंडळ तिथं सरकारी नोकर निवडतं. राष्ट्राध्यक्ष १९९६ पासून लोक थेट निवडतात. मतमोजणी कुणीही समोर उभं राहून पाहावी. कर्मचारी एकेक मतपत्रिका उंच धरतो, नाव पुकारतो, दुसरा भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढतो. पाच मतांच्या पाच रेघा झाल्या की एक चिनी अक्षर पुरं होतं. त्याचा अर्थ, सरळ.