उभ्या गाडीत टायर घासत नाही

मूळ मापापेक्षा मोठा टायर मडगार्डला घासणार की नाही, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजसमोर उभ्या असलेल्या पिकअपकडे बघून कळत नाही. तिथं टायर आणि मडगार्डमधून चार बोटं आरामात जातात. तीच गाडी मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून गगनबावड्याहून करूळ घाट उतरायला लागली, की एखाद्या वळणावर ‘खर्रर्र’ ऐकू येतं.

त्या वळणावर सगळं एकदम जुळून आलेलं असतं. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो. वळणामुळं तो बाहेरच्या चाकाकडं आणखी झुकतो, आणि त्यात खड्डा लागला की चाक मडगार्डात वर घुसतं. नेमकं तेव्हाच स्टेअरिंगही पूर्ण वळलेलं असतं.

आता आकडे बघू. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. व्यास होतो सुमारे ७०४ मिलिमीटर. त्याच रिमवर २३५/७५ चढवला तर ७३४. म्हणजे चारी बाजूंनी जेमतेम दीड सेंटिमीटर वाढ. एवढ्यानं काय बिघडतं?

बिघडतं ते वळताना. दार जसं बिजागरीभोवती फिरतं, तसं पुढचं चाक टायरच्या आतल्या बाजूला असलेल्या अक्षाभोवती वळतं. कोपरा बिजागरीपासून जितका लांब, तितका त्याचा घेर मोठा. म्हणून टायर बाहेर काढणारी रुंद रिम बसवली, की टायर आतल्या बाजूच्या सस्पेन्शनच्या दांडीपासून मोकळा होतो, पण टायरचा बाहेरचा कोपरा बंपरला किंवा मडगार्डच्या मागच्या कडेला लागतो. माझ्या मते निम्मी घासाघीस टायरमुळं नव्हे, अशा रिममुळं होते.

‘स्प्रिंग बदलून गाडी उचलून घे’ हा सल्लाही अर्धाच. उंची वाढते ती उभ्या गाडीची. चाक जास्तीत जास्त किती वर जाईल, हे शेवटी रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, ठरवतो. तो होता तिथंच राहिला, तर मोठ्या खड्ड्यात टायर पुन्हा तिथंच पोचणार.

किंमतही मोजावी लागते. मूळ २१५ च्या टायरवर काटा अचूक असला, तर २३५ च्या टायरवर तो ६० दाखवतो तेव्हा वेग साडेबासष्ट असतो, आणि चढावर चाकाची ओढ सुमारे ४ टक्के घटते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं घालतं, तेव्हा आधी आरटीओत विचारा. नव्या टायरची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नको, हेही बघा.

आणि मोठ्या टायरसाठी मडगार्ड कापण्याआधी हे कराच. मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर खडू फासा, गाडीत नेहमीचा माल भरा, पुढचं एक चाक मजबूत रॅम्पवर चढवा, बाकीच्या चाकांना अडण लावा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग दुसऱ्या बाजूनंही तसंच. जिथला खडू पुसला गेला, जागा तिथं कमी पडते आहे.