परश्याची पार्वती झाली त्याच्या आधी

'अशी ही बनवाबनवी' हा सचिन पिळगावकरांचा चित्रपट १९८८ साली आला. भाड्याच्या खोलीसाठी त्यातले दोन तरुण बायकांचं सोंग घेतात, परश्याची पार्वती होते. त्यानंतर जन्मलेली पोरंही आज त्यातले संवाद न अडखळता म्हणून दाखवतात. त्यांनी तो टीव्हीवर पाहिला. २००७ मध्ये झी टॉकीज सुरू झाल्यावर तर तो किती वेळा लागला याची मोजदादच नाही. पण त्या हशाचं मूळ शोधायचं तर लोकनाट्याकडे जावं लागतं.

दुवा म्हणजे वसंत सबनीस. त्यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यानं साठच्या दशकात दादा कोंडक्यांना घराघरात पोचवलं. १९७१ चा 'सोंगाड्या' हा चित्रपट लिहिला तोही सबनिसांनीच. आणि 'बनवाबनवी'चे संवादही त्यांचेच. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य कागदावर वाचा, त्यात विनोद नावाला नाही. तो पिकतो तमाशातल्या बतावणीसारखा: एकानं भोळेपणानं विचारायचं, दुसऱ्याची पंचाईत व्हायची. पुरुषानं लुगडं नेसून उभं राहणं तर आपल्याकडे बालगंधर्वांच्याही आधीपासूनचं.

कथा मात्र उसनी, हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून (१९६६) घेतलेली. पण भाड्याच्या खोलीसाठी करावी लागणारी लाचारी पुण्यात इतकी चपखल बसली की मूळ चित्रपट मराठीच असावा असं वाटतं!

पैशाची बाजूही होती. १९७५ च्या सुमारास राज्य सरकारनं करपरतावा योजना आणली: निर्मात्यानं पुढचा मराठी चित्रपट काढला की आधीच्यावर भरलेला करमणूक कर परत. धंद्याला त्यामुळे धुगधुगी आली. १९८५ मध्ये महेश कोठारेंनी 'धुमधडाका' काढला, मूळ तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४). अशोक सराफांसोबत त्यात 'टुरटुर' नाटक गाजवून आलेला लक्ष्मीकांत बेर्डे होता. सचिन पिळगावकर काय, कोठारे काय, दोघंही बालकलाकार म्हणून पडद्यावर आलेले. प्रेक्षक कुठे हसतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असावं.

नंतर या विनोदी चित्रपटांच्या लाटेत रद्दी चित्रपटही पुष्कळ आले, त्यांची आठवण कुणी काढत नाही. १९९१ मध्ये 'माहेरची साडी'नं बायकांना थिएटरात ढसाढसा रडवलं आणि बरेचसे निर्माते सोशिक सुनेच्या मागे लागले. कोठारे मात्र १९९३ मध्ये रामदास पाध्येंचा बाहुला घेऊन 'झपाटलेला' करत होते.