पैनगंगेच्या काठी बर्फाच्या खुणा

मे महिन्यात चाळिशीपार गेलेला पारा सोसणाऱ्या नांदेड-हिंगोलीच्या माणसाला हे पटायला जड जाईल, पण आपली पैनगंगा पुढे वर्धेला मिळते त्या भागावर एके काळी बर्फाची जाड चादर पसरलेली होती. मराठवाड्याच्या हद्दीवरून वाहत, सहस्रकुंडला काळ्या खडकावरून कोसळत ही नदी चंद्रपूरकडे जाते. तिथे इरई गावापाशी जुना चुनखडक उघडा पडला आहे. त्याचा माथा घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर एकमेकांना समांतर असे ओरखडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये या खडकाची माहिती प्रसिद्ध केली.

बर्फ तसा खडकापेक्षा मऊ. पण शेकडो मीटर जाडीची हिमचादर स्वतःच्याच भाराने बाहेरच्या बाजूला सरकते, तेव्हा तिच्या तळाशी गोठून बसलेले दगड खालच्या खडकावर रगडले जातात. हे दगड ओरखडे काढतात आणि बारीक पूड त्याच खडकाला झिलई देते. बर्फ कोणत्या रेषेत सरकला, ते ओरखड्यांवरून कळतं.

या खडकावर बसलेला थर मला त्याहून बोलका वाटतो. हिरवट, बारीक मातीचा दगड आणि त्यात मुठीएवढ्या गोट्यापासून मोठाल्या धोंड्यांपर्यंत सगळं एकत्र कोंबलेलं. नदी असं करत नाही. ती जड दगड आधी टाकते, वाळू पुढे नेते, गाळ त्याहून पुढे. बर्फ मात्र हाती लागेल ते उचलतो आणि वितळला की सगळं एकाच ठिकाणी सोडतो. यातला एखादा गोटा निरखून पाहिला, तर सहाणेवर उगाळलेल्या हळकुंडासारखी त्याची एक बाजू सपाट झालेली आढळते आणि त्या सपाटीवर बारीक रेघा असतात. असाच थर ओडिशात तालचेरला याच सर्वेक्षणातल्या ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओळखला होता. उष्ण कटिबंधातल्या देशात तो बर्फाने आणला असावा, असं 1856 मध्ये लिहिणं धाडसाचंच होतं. हा बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता.

पण हा बर्फ गेला कसा? हिमचादर मागे हटते म्हणजे बर्फ उलटा चालत जात नाही. तो पुढेच सरकत असतो, फक्त कडेला वितळण्याचा वेग जास्त होतो आणि कड मागे जाते. कड काही काळ एका जागी थबकली, तर तिथे दगडमातीचा लांबलचक बांध साचतो. त्याला हिमोढ म्हणतात. दक्षिण फिनलंडमध्ये सुमारे 12 हजार वर्षांपूर्वीचे असे बांध आजही शेकडो किलोमीटर लांब दिसतात. आपल्याकडे 30 कोटी वर्षांत असले उंचवटे टिकणं अवघड, त्यामुळे माघारीची गोष्ट एकावर एक बसलेल्या थरांत वाचावी लागते. धोंड्यांच्या थरावर हिरवट शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक येतो, सुयांसारखे तुकडे पडणारा. वितळलेल्या पाण्याच्या तळ्यांत साचलेला हा गाळ. अशा मऊ गाळात मध्येच एखादा एकटा दगड रुतलेला सापडतो. तरंगत्या हिमखंडातून सुटून तो तळाशी पडला. त्याच्या खालचे पापुद्रे वाकलेले असतात, वरचे त्याला वळसा घालून जातात. त्यावर नद्यांनी आणलेले वाळूचे थर, आणि आणखी वर दगडी कोळसा, म्हणजे ग्लॉसोप्टेरिस या झाडांच्या दलदली. घुग्गुस, बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा याच काळातला. बर्फ वितळला तसा समुद्रही चढला. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला, आजच्या किनाऱ्यापासून इतक्या आत, त्या वेळच्या समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म मिळतात.

मराठवाड्याचा बहुतेक भाग 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने झाकलेला आहे. त्याखाली हिमयुगाचे थर असतील का, याचं एका जागेपुरतं उत्तर मिळालं आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल बोअर घेतलं गेलं. सुमारे 338 मीटर काळा खडक, त्याखाली जेमतेम काही मीटर गाळाचा थर आणि मग थेट ग्रॅनाइटसारखा जुना पायाखडक लागला. बर्फाचे धोंडे नाहीत, कोळसाही नाही. म्हणून हे पाहायचं तर पैनगंगेच्या कडेने खाली चंद्रपूरकडेच जायला हवं. सकाळी लवकर पोहोचावं, कारण तिरप्या उन्हात ओरखडे उठून दिसतात, माथ्यावरच्या उन्हात ते हरवतात. आणि हातोडी घरीच ठेवावी. असा खडक पुन्हा घडणार नाही.