पार्श्वभूमी : सुदानमधली चर्च आणि एक परवाना

एप्रिल २०१३ मध्ये सुदानच्या धार्मिक व्यवहार खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर केले, की यापुढे नवीन चर्च बांधायला परवाना मिळणार नाही. कारण साधे दिले गेले : दक्षिण सुदान वेगळा झाला, दक्षिणेकडचे लोक निघून गेले, आता नव्या चर्चची गरज काय? लष्कर आणि एक निमलष्करी दल यांच्यात एप्रिल २०२३ मध्ये पेटलेल्या युद्धात चर्चवर जे गुदरले, त्याची पुष्कळशी मुळे या एका कारणात आहेत. कारण ते खरे नव्हते, आणि सरकारलाही ते ठाऊक असणार.

सगळी मेख ‘दक्षिणेकडचे’ या शब्दात आहे. राजधानी खार्तुमच्या सरकारी बोलीत ‘ख्रिस्ती’ आणि ‘दक्षिणेकडचा’ हे शब्द कित्येक वर्षे एकमेकांच्या जागी वापरले गेले. हा घोटाळा ब्रिटिशांच्या काळातला. त्यांनी १९२२ मध्ये दक्षिणेचा मोठा भाग बाहेरच्यांना बंद केला, तिथल्या शाळा मिशनऱ्यांच्या हाती दिल्या आणि उत्तरेत मात्र धर्मप्रसारावर बंधने घातली. साहजिकच १९५६ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या राज्यकर्त्यांना दक्षिणेतले चर्च म्हणजे इंग्रजांचे उरलेसुरले ठाणे वाटले. १९५७ मध्ये मिशनच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. १९६० मध्ये दक्षिणेतली रविवारची सुटी शुक्रवारी नेली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी संप केला. १९६२ च्या कायद्याने मिशनरी संस्थांना परवाना सक्तीचा झाला आणि १९६४ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना दक्षिणेतून हाकलण्यात आले. पुढे जो शब्द चर्चच्या मानगुटीवर बसला, तो ‘परवाना’ या कायद्यातून आला.

पण उत्तरेतही ख्रिस्ती होतेच. ओमदुरमान, खार्तुम इथली कॉप्टिक, म्हणजे मूळच्या इजिप्तमधल्या ख्रिस्ती पंथाची, घराणी एकोणिसाव्या शतकापासून तिथे राहतात. कारकुनी, हिशेब आणि व्यापारात त्यांनी पिढ्या घालवल्या. त्यांचा दक्षिणेशी काहीच संबंध नाही. आणि दुसरे, संख्येने मोठे, नुबा डोंगरातले लोक.

नुबांची अडचण समजायला सीमारेषा पाहावी लागते. २००५ च्या शांतता कराराने उत्तर आणि दक्षिण यांच्यामधली रेषा १ जानेवारी १९५६ ला होती तशीच धरली. त्या रेषेने नुबा डोंगर उत्तरेत राहिले. तिथल्या अनेकांनी मात्र दक्षिणेतल्या बंडखोरांच्या खांद्याला खांदा लावून लढाई केली होती. नुबांच्या एकाच घरात एक भाऊ मुसलमान, दुसरा ख्रिस्ती असे सर्रास आढळते. १९९२ मध्ये एल ओबेद शहरात धर्मगुरूंनी फतवा काढून नुबा डोंगरातल्या युद्धाला जिहादचे रूप दिले. बंडात सामील असलेल्या मुसलमानांनाही त्यात धर्मभ्रष्ट ठरवले होते, आणि चर्चबरोबर मशिदीही पाडल्या गेल्या. म्हणून ‘ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान’ एवढीच चौकट धरली, तर सुदान हाती लागत नाही. जून २०११ मध्ये, दक्षिण वेगळे होण्याच्या महिनाभर आधी, डोंगरात पुन्हा युद्ध पेटले. सरकारच्या अंतोनोव विमानांतून बॉम्ब पडू लागले की माणसे खडकांच्या कपारीत आणि घराशेजारी खणलेल्या खड्ड्यांत शिरत.

या युद्धांतून जीव वाचवून निघालेले नुबा खार्तुमच्या कडेला येऊन राहिले. त्या वस्त्यांपैकी एकीचे नाव जबरोना, म्हणजे ‘आम्हाला भाग पाडले’. शहरातून उठवून उघड्या माळावर नेऊन सोडलेल्या माणसांनीच आपल्या वस्तीला दिलेले हे नाव. अशा वस्त्यांत मातीच्या भिंती आणि वर पत्रा किंवा चटया अशी चर्च उभी राहिली. जमिनीचे कागद नव्हते, कारण खुद्द वस्तीचेच कागद नव्हते.

आता २०१३ चा निर्णय पुन्हा वाचावा. परवाना नाही म्हणून बांधकाम बेकायदा, आणि परवाना देणे तर बंद. बुलडोझरला एवढे पुरते. २०१६ मध्ये खार्तुम परिसरातल्या पंचवीस चर्चची पाडकामाची यादी निघाली. ७ मे २०१७ ला, रविवारी, खार्तुमजवळच्या सोबा अल-अरादी इथले एक चर्च पाडले गेले. दक्षिणेकडच्या वंशाच्या लोकांचे सुदानी नागरिकत्व २०११ मध्येच काढून घेतले होते, त्यामुळे तक्रार करायला गेलेला पाद्री एका रात्रीत परदेशी ठरू शकत होता.

सोबा हे नाव इथे उगीच घेतलेले नाही. निळ्या नाईलच्या दुसऱ्या काठावर जुन्या सोबाचे अवशेष आहेत. अलवा या ख्रिस्ती राज्याची ती राजधानी. सहाव्या शतकात नुबियाची, म्हणजे नाईलकाठच्या जुन्या प्रदेशाची (नुबा डोंगर वेगळे), राज्ये ख्रिस्ती झाली, आणि त्यातले अलवा सन १५०० च्या सुमारापर्यंत टिकले. नुबियातल्याच फरसच्या कॅथेड्रलमधली भित्तिचित्रे आस्वानच्या धरणात बुडण्याआधी काढून काही वॉर्साला आणि काही खार्तुमच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेली. ते संग्रहालय चालू युद्धात लुटले गेले. ख्रिस्ती धर्म सुदानात गोऱ्यांनी आणला, असे म्हणणाऱ्यांनी ही चित्रे पाहायला हवी होती.

२०१९ मध्ये ओमर अल-बशीर यांची राजवट उलथली तेव्हा आशा वाटली. नाताळची सुटी परत मिळाली. जुलै २०२० मध्ये धर्मत्यागाची देहदंडाची शिक्षा रद्द झाली. याच कलमाखाली २०१४ मध्ये एका गरोदर तरुणीला फाशी सुनावली होती आणि तिने तुरुंगात, पायात बेड्या असताना मुलीला जन्म दिला होता. परवान्याचा प्रश्न मात्र सुटला नाही, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली.

आताच्या युद्धात लष्कर आणि निमलष्करी दल, दोन्हीकडचे बहुतेक सैनिक मुसलमान आहेत, मरणारेही बहुतेक मुसलमानच. तरी चर्चच्या वाट्याला वेगळे भोग आलेच. मे २०२३ मध्ये ओमदुरमानच्या कॉप्टिक चर्चमध्ये बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला, खार्तुमच्या कॅथेड्रलमध्ये सैनिकांनी ठाण मांडले, जानेवारी २०२४ मध्ये वद मदनी शहरातले एक चर्च पेटवले. मार्च २०२५ मध्ये लष्कराने राजधानी परत मिळवली. त्याच वर्षी जुलैमध्ये, बेकायदा बांधकामे हटवण्याच्या मोहिमेत, राजधानी परिसरातल्या हाज युसुफमधले एक पेंटेकोस्टल पंथाचे चर्च बुलडोझरने पाडण्यात आले.