जोडणी स्वीकारताना सर्व्हर अडकून का पडत नाही

ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर होणारी जोडणी सर्व्हरवरचा प्रोग्राम घडवून आणतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते काम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. टीसीपी या इंटरनेटवरच्या जोडणीच्या पद्धतीच्या नियमांप्रमाणे तीन संदेशांची देवाणघेवाण पुरी झाली की कर्नल ती जोडणी एका रांगेत ठेवतो. 'ॲक्सेप्ट' हे फंक्शन त्या रांगेतली पहिली जोडणी उचलून प्रोग्रामच्या हाती नवे सॉकेट, म्हणजे त्या जोडणीचे प्रोग्रामकडचे टोक, देते. पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर, कान देऊन असलेले मूळ सॉकेट मात्र जागचे हलत नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीपासून रूढ झालेली ही रचना आजही टिकून आहे, आणि माझ्या मते संगणकशास्त्रातल्या अत्यंत नेटक्या रचनांपैकी ती एक आहे.

अडचण येते ती रांग रिकामी असताना, कारण साध्या सॉकेटवर बोलावलेला ॲक्सेप्ट अशा वेळी परतच येत नाही आणि तो थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा स्वतंत्र धागा, तिथेच खोळंबतो. प्रत्येक ग्राहकामागे एक थ्रेड ठेवला तर काम चालते. पण लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेसाठी, सहसा ८ मेगाबाइट आभासी मेमरी राखली जाते, त्यामुळे हजारो ग्राहक आले की हा मार्ग जड जातो.

पायथन भाषेतील असिंकआयओ ही लायब्ररी वेगळी वाट धरते. लिनक्सवर तिचा इव्हेंट लूप, म्हणजे घडामोडी पाहून कामे वाटणारे सतत फिरणारे चक्र, कर्नलच्या ईपोल या सुविधेला विचारतो की कोणत्या सॉकेटवर काही घडले आहे, आणि रांगेत जोडणी आल्याचे कळल्यावरच ॲक्सेप्ट बोलावतो. तोवर तोच एक थ्रेड इतर ग्राहकांची कामे करत राहतो.

तरीही सॉकेट 'नॉन-ब्लॉकिंग', म्हणजे वाट पाहत अडकून न राहणारे, ठेवावेच लागते, आणि हा मुद्दा नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटतो. ईपोलने दिलेली वर्दी त्या क्षणापुरतीच खरी असते. अनेक प्रक्रिया, म्हणजे एकाच वेळी चालणारे प्रोग्राम, एकच सॉकेट वाटून घेत असतील, तर वर्दी आणि ॲक्सेप्ट यांच्या मधल्या काळात दुसरीच प्रक्रिया ती जोडणी उचलून नेऊ शकते. मग साधा ॲक्सेप्ट रिकाम्या रांगेपाशी अडकतो आणि त्याच्याबरोबर सारा लूप ठप्प होतो. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर तोच ॲक्सेप्ट लगेच 'ब्लॉकिंगआयओएरर' देऊन परततो आणि लूप पुढच्या कामाला लागतो.

फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलींना आणि सॉकेटना कर्नल देतो ते मोजकेच क्रमांक, संपतात तेव्हाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. रांगेत जोडण्या असतात, पण नव्या सॉकेटला क्रमांक उरलेला नसतो. रांग रिकामी होत नाही म्हणून ईपोल पुन्हा पुन्हा वर्दी देत राहतो, प्रत्येक ॲक्सेप्ट फसतो आणि प्रोसेसर निष्कारण राबतो. असिंकआयओ अशा वेळी त्या सॉकेटकडे लक्ष देणे थांबवते आणि १ सेकंदाने पुन्हा प्रयत्न करते. दरम्यान आधीच्या ग्राहकांची कामे आटोपून काही क्रमांक मोकळे होण्याची शक्यता असते.