सॅमन : वीण व पाण्याची लवणता

सॅल्मोनिडी कुलातील सॅमन मासे समुद्रात वाढतात आणि विणीसाठी नदीत शिरतात. मादी शेपटीने तळाची खडी उकरून खळगा करते. त्यात सोडलेल्या अंड्यांवर नराने शुक्ररस सोडला की ती वरच्या अंगाची खडी लोटून त्यांना झाकते.

गोड्या पाण्याची गरज पहिल्याच क्षणी भासते. शुक्ररसातील पोटॅशियममुळे निश्चल राहिलेल्या शुक्रपेशी नदीच्या पाण्यात तो विरळ होताच हालू लागतात. ही हालचाल मिनिटभरही टिकत नाही. अंड्यात शिरायला एकच सूक्ष्म छिद्र असते. त्याच सुमारास कवचाखालच्या पोकळीत तर्षणाने (कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे पाणी झिरपण्याने) पाणी शिरून अंडे फुगते व टणक होते. दर हजारी सु. ३५ भाग लवणता असलेल्या समुद्रजलात हे फुगणे अपुरे राहते. शिवाय माशाच्या देहद्रवाहून ते सु. तिप्पट खारट असल्याने कल्ले नसलेल्या गर्भातले पाणी बाहेर ओढले जाते.

ही मर्यादा सर्व जातींत सारखी नाही. अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड येथे गुलाबी सॅमन भरती-ओहोटीच्या पट्ट्यातही मोठ्या प्रमाणावर विते. भरतीचे खारे पाणी खडीत भिनते, ओहोटीला ओढ्याचे गोडे पाणी ते धुऊन काढते. पट्ट्याच्या वरच्या भागात खारे पाणी कमी वेळ राहते, म्हणून तेथील अंडी अधिक जगतात. २७ मार्च १९६४ च्या भूकंपात किनारा कुठे उचलला गेला, कुठे खचला. विणीच्या अशा अनेक जागांची पातळीच बदलली.

सॅमनच्या कुलाचा उगम समुद्रातला की नदीतला, हा वाद जुना आहे. मत्स्यतज्ज्ञ चेर्नाविन यांनी १९३९ मध्ये गोड्या पाण्याचा पक्ष मांडला. अंडी खारेपणा सोसत नाहीत, हा त्या पक्षाचा नेहमीचा आधार. पण एकट्या याच लक्षणावर निर्णय करणे धोक्याचे, कारण ते नंतरही आलेले असू शकते. ब्रिटिश कोलंबियातील सरोवरी गाळात सापडलेला, सु. ५ कोटी वर्षांपूर्वीचा याच कुलातील जीवाश्म मासा इओसाल्मो आणि कुलाचे गोड्या पाण्यातील पाइक माशांशी असलेले जवळचे नाते हे पुरावे अधिक वजनदार वाटतात. १९५६ मध्ये उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या सुपीरियर सरोवरात पोहोचलेल्या गुलाबी सॅमनने समुद्राविना पिढ्या टिकवल्या. मात्र त्यावरून एवढेच दिसते की खारे पाणी या जातीला अपरिहार्य नाही.

ओढ्यांची लवणता माणसामुळेही वाढते. थंड प्रदेशांत रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ ओढ्यांत उतरते. कॅनडाच्या २०११ च्या मार्गदर्शक मानकानुसार जलचरांसाठी मिठातील क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे १२० मिग्रॅ. आहे.